झोपलेल्या माणसाचा डबा

बपेऱ्याच्या मंडईतलं नाटक यंदा दिवसा ठेवलं होतं, कारण रात्री वाघ येतो. वाघ कुणी स्वतः पाहिला नव्हता. पण त्याची लांबी, चाल आणि डाव्या कानाची चीर यांवर सगळ्या गावाचं एकमत होतं, आणि एवढं एकमत सरपंचाच्या निवडणुकीतही झालं नव्हतं. म्हणून दुपारी नाटक.

दिवाळी झाली की या भागात, भंडाऱ्याकडे, गावोगाव मंडई भरते. आज या गावची, उद्या त्या गावची. लेकी-जावई येतात, कापलेलं धान बांध्यांमध्ये, म्हणजे शेतांत, पडलेलं असतं, जिलेबी तळली जाते, आणि मग नाटक होतं. नाटक नसेल तर ती मंडई नव्हे, नुसता बाजार. आणि नाटक म्हणजे प्रॉम्प्टर. इथला नट पाठांतराच्या भानगडीत पडत नाही. सीझनमध्ये रोज नवं गाव, कधी कधी रोज नवं नाटक, पाठ करणार कधी? विंगेतला प्रॉम्प्टर जे हळू म्हणतो ते नट मोठ्यानं म्हणतो. विचार करायचा नाही. विचार केला की वाक्य मागं राहतं आणि माणूस एकटाच पुढं जातो.

भैय्यालालजींच्या नाट्यमंडळात हे काम मधुकरराव करायचे. त्यांच्यावर नटांची अशी श्रद्धा होती की एकदा मधुकररावांना विंगेत शिंक आली, तर स्टेजवरचे तिघं शिंकले. चौथा शिंकला नाही, कारण तो तेव्हा मेलेला होता.

मधुकरराव म्हणजे गुंजनचे मामा. उन्हाळ्यात त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली आणि आवाजही तिच्याबरोबर निघून गेला. आता ते मोबाइलवर टाइप करून बोलत. मामी, म्हणजे कुंताबाई, म्हणायच्या, "आता तरी घरात माझं कोणी ऐकंल."

मामांना आवाजाचं फार वाटलं नाही. त्यांना टेंपोतल्या जागेचं वाटलं. मंडळाचा कायदा जुना होता: ज्याला नाटकात काम, त्यालाच टेंपोत जागा. भैय्यालालजींनी स्वतःच्या सख्ख्या भावाला बिनकामाचा म्हणून शहापूरच्या फाट्यावर उतरवून दिलं होतं, तेही नारळ देऊन. मामांची जागा ड्रायव्हरशेजारची, खिडकीची. सीझनभर त्या खिडकीतून तळी, पळस आणि धुकं मागं जायचं, आणि उरलेलं वर्ष मामा शहापूरच्या ओट्यावर बसून ते सगळं पुन्हा पुढं येईल म्हणून वाट पाहायचे. काम गेलं तर खिडकी गेली. खिडकी गेली तर मामांना वर्षभर वाट कशाची पाहायची, हेच उरणार नव्हतं.

गुंजन पुण्याच्या एका कंपनीचं सर्व्हरचं काम शहापुरात घरी बसून करायची. ऑपरेशनच्या आधी तिनं एक शहाणपणा करून ठेवला होता. मामांना समोर बसवून सगळं नाटक त्यांच्या आवाजात रेकॉर्ड केलं होतं. खलनायक मामाच, नायिकाही मामाच. मामांच्या आवाजातली नायिका थोडी दम्याची वाटायची, पण सोज्वळ होती.

ते रेकॉर्डिंग घेऊन ती दिवाळीच्या तोंडावर भैय्यालालजींकडे गेली.

"प्रत्येक नटाच्या कानात बारका हेडफोन," ती म्हणाली. "समोरच्याचं वाक्य संपलं का माइकवरून कंप्युटर ऐकते, अन् पुढची लाइन कानात सोडते. मामाजींच्याच आवाजात."

"अन् कंप्युटरले कसं समजंल, कोण खलनायक श्यामराव अन् कोण नायिका राखी?"

"प्रत्येकाचा वेगळा कंटेनर राहते जी."

भैय्यालालजींनी बाहेर हायवेकडे पाहिलं. "आपला तर एकच टेंपो हाये, बाई."

"तसा नाही. सॉफ्टवेअरचा. डबा समजा. एका पात्राचं सगळं सामान एका डब्यात, म्हणजे श्यामरावच्या लाइनी राखीच्या लाइनीत मिसळत नाहीत." मग तिला राहवलं नाही आणि ती पुण्यात मीटिंगमध्ये बोलते तशी बोलू लागली. "डबे दोन जातीचे. पहिला एका कामाचा. साच्यातून काढला, काम केलं, पडला तर फेकून दिला, साच्यातून नवा काढला. पापणी लवायच्या आत उभा राहते. पण त्याले मागचं काही आठवत नाही. दुसरा घरासारखा. आत अख्खं बिऱ्हाड. उठाले वेळ लागते, जागा जास्त खाते. पण आत जे ठेवलं ते तसंच राहते, किती वेळा पडला तरी."

भैय्यालालजींनी डोळे मिटून विचार केला. "वजन किती?"

"वजन नसते जी त्याले."

"तरी बी. हलका कोणता?"

"पयला."

"मंग पयलाच घे. टेंपो आधीच लोड हाये."

खरं तर गुंजनलाही पहिलाच हवा होता. पुण्यात सगळे तोच वापरत. घरासारखा डबा वापरणारा माणूस तिथं जुन्या विचारांचा समजला जाई, लग्नात स्वतःची खाट घेऊन येणाऱ्या पाहुण्यासारखा. आणि भंडाऱ्याच्या एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतून आणलेला तो कंप्युटर इतका म्हातारा होता की सात पात्रांचे घरासारखे सात डबे त्याच्यावर ठेवणं म्हणजे आजोबांच्या पाठीवर सात नातवंडं बसवणं.

"तुया मामाचा आवाज टेंपोत जाईन, तर मामाबी जाईन," भैय्यालालजी शेवटी म्हणाले. "आवाजाचा मालक म्हणून. पण बपेऱ्याले फसलं, तर दुसरा प्रॉम्प्टर पाहून ठेवला हाये म्या. मंग खिडकी त्याची."

रेकॉर्डिंगमध्ये एक अडचण होती. मामी. मामा नाटक वाचत होते तेव्हा मामी शेजारी स्वयंपाक करत होत्या, आणि नाटकाच्या मधेमधे त्यांचे आवाज आले होते. गुंजनला ते काढायचे होते. ती नेमकी दिवाळीच्या साफसफाईच्या आठवड्यात कामाला बसली. घरात सगळ्यांच्या हातात झाडू. भिंतीला चुना लागत होता, डबेडुबे उन्हात उलटे पडले होते. आणि त्याच नादात गुंजननं एकेका डब्याच्या आत शिरून मामींचे शब्द एकेक करून पुसून काढले. डबे लख्ख झाले.

साच्याला तिनं हात लावला नाही.

या जातीचा डबा झाडायचा नसतो, साचा झाडायचा असतो. हे तिला माहीत होतं. पुण्यात हेच माहीत असण्याचा पगार तिला मिळायचा. पण दिवाळीत, शहापुरात, सगळं घर झाडत असताना माणसाला साचा आठवत नाही.

मंडईच्या सकाळी टेंपो निघाला. मामा खिडकीशी बसले. काच अर्धी खाली, वाऱ्यानं दुपट्टा उडतोय, आणि चेहरा असा की जणू सगळा रस्ता त्यांनीच लिहिलाय. गुंजन मागं पडद्यांच्या गुंडाळ्यांवर, तणशीच्या पेंढ्यांत, मांडीवर कंप्युटर घेऊन बसली. तणशीला ऊन लागून गोडसर वास सुटला होता. तुमसर मागं पडलं तसे तिचे डोळे मिटले.

तिला दिसलं की मामींच्या दारात एक पाहुणा उभा आहे. नुकता न्हायलेला, भांग पाडलेला, हातात काही नाही. "नमस्कार," तो म्हणाला, "मी पयल्यांदाच आलो." मामींनी त्याला पाणी दिलं. तो पाणी प्यायला, भिंतीमागं गेला आणि पुन्हा दारात आला. "नमस्कार, मी पयल्यांदाच आलो." मामींनी पुन्हा पाणी दिलं. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मग रस्त्यावरून दुसरा पाहुणा आला. त्याच्या पाठीवर खाट होती, काखेत चूल, डोक्यावर कौलं, आणि मागून दोरीला बांधलेलं एक तळं हळूहळू येत होतं, कमळांसकट. "मले सगळं आठवते," तो म्हणाला. पण तो दारात मावेना. दोन्ही पाहुणे एकमेकांकडे पाहत उभे राहिले. मामा मधे आले, काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि सगळे, तळंसुद्धा, त्या न आलेल्या शब्दाची वाट पाहत थांबले.

"उतर वं पोट्टी, बपेरा आलं," श्यामराव म्हणाले. ते खलनायक. स्वभावानं इतके गरीब की मुंगीला वाट देत.

बपेऱ्याला नदीवरचं धुकं दुपार होत आली तरी पूर्ण उठलं नव्हतं. पलीकडे मध्य प्रदेश दिसायचा बंद होता. कुठंतरी मळणी चालू होती आणि धानाचा भुसा उन्हात तरंगत होता, सोन्याचा असल्यासारखा, खाली पडायची घाई नसलेला. आकाशपाळणा इतका सावकाश फिरत होता की वर गेलेली माणसं तिथंच काही दिवस राहणार असं वाटावं. रात्रीचा मेकअप केलेले नट भर उन्हात फिरत होते आणि गाई त्यांना वाट देत होत्या.

नाटकाचं नाव 'बांधावरचं कुंकू'. सुरुवात झाली आणि गुंजनचा श्वास हळूहळू मोकळा झाला. सगळं वेळेवर येत होतं. नायक झालेला मनिष, जो एरवी मोबाइलचं दुकान चालवतो, आईच्या पाया पडला. राखीनं लाजून पदर चावला. विंगेत मामा रिकाम्या हातांनी बसले होते आणि प्रत्येक वाक्याला त्यांचे ओठ हलत होते. स्वतःचाच आवाज सात जणांच्या कानांतून जाऊन सात तोंडांनी बाहेर येतोय, हे ऐकताना त्यांचा चेहरा देवळातल्यासारखा झाला होता.

दुसरा अंक संपत आला. बांधाच्या भांडणावरून श्यामरावांनी पुतण्याला, म्हणजे मनिषला, सुऱ्यानं भोसकलं. मनिष पडला. राखी किंचाळली. श्यामरावांनी तलवार वर उचलली. "आता या घराण्याचा..."

आणि नेमकं तेव्हा जिलेबीवाल्यानं भट्टीच्या पंख्यासाठी जनरेटरवरची एक पिन काढून आपली लावली. ती काढलेली पिन गुंजनच्या कंप्युटरची होती.

श्यामरावांच्या कानात शांतता झाली. तलवार वर होती ती वरच राहिली. राखीचं तोंड उघडं ते उघडंच. कोणी हललं नाही, कारण हल असं कोणी सांगितलं नव्हतं. लोकांना वाटलं हा देखावा आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

गुंजननं धावत जाऊन पिन परत लावली. कंप्युटर खोकत उठला. आणि डबे तर पापणी लवायच्या आत उठले. साच्यातून. न्हायलेले, भांग पाडलेले, पहिल्यांदाच आलेले.

"...घराण्याचा," म्हणत श्यामरावांनी तलवार खाली घेतली आणि नम्रपणे विचारलं, "वहिनी, धान मोजून झालं का?"

हे पहिल्या अंकातलं पहिलं वाक्य होतं.

मेलेला मनिष उठला. छातीतला सुरा तसाच ठेवून तो आईच्या पाया पडला. "आई, मी पास झालो." राखीनं डोळे पुसले आणि लाजून पदर चावला.

"वहिनी," श्यामराव मिशीला पीळ देत गरजले, "आज ना उद्या ही बांधी माझ्याच नावावर चढणार! गुंजन, कुकरच्या किती शिट्या झाल्या वं?"

गुंजननं कपाळाला हात लावला. पुसलेल्या मामी परत आल्या होत्या.

"नाथ," राखी मनिषला म्हणाली, "शहरात जाऊन मला विसरू नका. अन् दूध पाह्य, उतू चाललं."

पुढच्या रांगेतली एक बाई दूध पाहायला उठून घरी गेली.

गुंजन डबे बंद करू लागली. एक बंद केला की उठायचा. तिनंच एक राखणदार लिहून ठेवला होता: कोणताही डबा पडला तर फेकून दे, लगेच नवा काढ, कोणाला विचारू नको. राखणदार चोख काम करत होता. ती जितके डबे पाडत होती तितके 'पयल्यांदाच आलो' म्हणत उभे राहत होते. शेवटी तिनं सातही एकदम पाडले आणि हात काढून घेतला. सातही एकदमच उठले आणि आता सातही सुरुवातीपासून एका चालीनं निघाले. कंप्युटरचीच पिन काढावी, तर मघाचा देखावा झाला होता. उरलेलं नाटक पुतळ्यांनी उभं राहून संपवलं असतं.

भैय्यालालजी टेंपोमागं आले. "हे का होऊन राहिलं?"

"साचा जुना राहिला जी."

"मंग सांग ना त्याईले, अर्धं नाटक झालं म्हणून!"

"त्याईले आठवत नाही. ते आत्ताच आले."

भैय्यालालजी स्टेजकडे पाहत राहिले. तिथं एक मेलेला माणूस श्यामरावांना कुकर बंद करायला सांगत होता. "मधुकररावले सांगजो," ते शांतपणे म्हणाले, आणि ते शांतपणे म्हणाले हेच वाईट होतं, "वापस जाताना मागं बसा म्हणा. उद्यापासून तेबी नाही."

सांगायची गरज पडली नाही. मामा मागंच उभे होते. त्यांचा आवाज गेला होता, कान नाही.

मामांनी गुंजनकडे पाहिलं. मग खांद्यावरचा दुपट्टा नीट केला, विंगेतली स्वतःची खुर्ची उचलली आणि स्टेजवर चालत गेले. इतक्या वर्षांत प्रॉम्प्टर स्टेजवर आलेला कोणी पाहिला नव्हता. नट दचकले असते, पण कानात तसं सांगितलं नव्हतं. मामांनी खुर्ची बरोबर मधोमध ठेवली. बसले. दुपट्टा अंगावर घेतला. डोळे मिटले आणि मान हळूच छातीवर टाकली.

सगळ्या मंडईनं माना पुढं काढल्या. मग मागून कोणीतरी म्हणालं, "अच्छा! बुढ्याचं सपन होय ना हे!"

"मंग!" दुसरा म्हणाला. "तुले आता समजलं?"

आणि सगळं जागच्या जागी बसलं. स्वप्नात मेलेला उठतोच. स्वप्नात खलनायक कुकरच्या शिट्या विचारणारच, नाहीतर विचारणार कधी? लोक पुढं सरकून बसले. जिलेबीवाल्यानं पंखा बंद केला. आकाशपाळणा थांबला आणि वरच्या पाळण्यातली माणसं खाली पाहत राहिली. नटांनाही काहीतरी झालं. ते तीच वाक्यं म्हणत होते, पण हळू, झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये अशी. श्यामरावांनी धमकी देता देता मामांच्या अंगावरून सरकलेला दुपट्टा वर ओढला. भुसा तरंगत आला आणि मामांच्या केसांवर बसला. मनिष छातीत सुरा घेऊन आनंदात होता.

असं किती वेळ चाललं कोण जाणे. मग रेकॉर्डिंगमध्ये ती जागा आली. गुंजनला ती आता आठवली. त्या दिवशी जेवणानंतर वाचता वाचता मामांना खरंच झोप लागली होती, आणि तिनं मोबाइल तसाच चालू ठेवला होता. सगळ्या पात्रांचं रेकॉर्डिंग तिथं एकच होतं: मामांचा श्वास. लांब, मऊ, आत, बाहेर.

सात कानांत मामा झोपले.

नटांनी ऐकलं ते केलं. श्यामराव आधी बसले, मग तलवार उशाला घेऊन आडवे झाले. राखी त्यांच्या पायाशी. आई खांबाला टेकली. मनिष सुरा बाजूला ठेवून कुशीवर वळला. सगळं भांडणारं खानदान एका चालीनं श्वास घेऊ लागलं. पुढच्या रांगेतली पोरं पेंगली. मग त्यांच्या आया. धुक्यापलीकडून एक होडी आली आणि किनाऱ्याला न लागताच थांबली. भैय्यालालजी टेंपोला टेकून उभे होते, त्यांची मान कलली. गुंजनला वाटलं, तो वाघ कुठं असेल तर आत्ता तोही पुढचे पाय लांब करून, डाव्या कानाची चीर उन्हात टाकून, झोपला असेल.

मग सातही कानांत कुंताबाई बोलल्या. आणि सातही नट उठून बसले आणि मामांकडे तोंड करून, एका सुरात, नाटकातल्या सगळ्यात मोठ्या आवाजात ओरडले:

"उठा, चहा ठेवला!"

मामांनी डोळे उघडले. भोवती पाहिलं. केसांवरचा भुसा झटकला, खुर्ची उचलली आणि निघून गेले. पडदा.

टाळ्या नदीपलीकडे, दुसऱ्या राज्यात गेल्या. लगेच तीन गावांची माणसं भैय्यालालजींना गाठून उभी राहिली. "आमच्या मंडईले हेच नाटक पायजे. ज्यात मेलेला उठते अन् बुढा झोपते."

"मी आजच साचा दुरुस्त करते," गुंजन घाईनं म्हणाली.

"हात लावजो नको त्याले!" भैय्यालालजी ओरडले. मग मामांकडे वळले आणि आवाज खाली आणला. "खिडकी तुमचीच, मधुकरराव. पण आता आवाजाचे मालक म्हणून नाही. नट म्हणून."

त्याच न्यायानं टेंपोत जिलेबीवाल्यालाही जागा मिळाली. दुसऱ्या अंकाच्या शेवटी पिन काढायचं काम होतं ना त्याला. तो मागं कढईत बसतो.

परतीच्या वाटेवर गुंजनचा मोबाइल वाजला. पुढून, खिडकीतून, मामांचा मेसेज होता: 'नटाले डबा राहते. मले काहून नाही?'

'मामाजी, तुमाले तर एकबी लाइन नाही,' तिनं लिहिलं.

'पण मी नट हाये.'

तिनं विचार केला, आणि या वेळी वजनाचा केला नाही. मामांसाठी तिनं दुसऱ्या जातीचा डबा केला, घरासारखा. एकच होता, म्हाताऱ्या कंप्युटरनं तो सांभाळून घेतला. आत तिनं काही ठेवलं नाही, फक्त शांतता, आणि अगदी शेवटी कुंताबाईंचा चहा. तो सावकाश उठतो. पडला तर आठवून उठतो. आता मामा कानात हेडफोन घालून स्टेजवर झोपतात आणि नाटकभर तो डबा त्यांच्या कानात काहीच बोलत नाही.

पुढच्या मंडईहून परत येताना पळसाच्या रांगा मागं जात होत्या. मामांचा मेसेज आला: 'आज लाइन उशिरा आली.'

'मामाजी, चहा सोडला तर त्यात लाइनच नाही,' गुंजननं लिहिलं.

खिडकीतून बाहेर पाहत मामा बराच वेळ टाइप करत होते.

'ते मले मालूम हाये. पण बपेऱ्याले तिचं नसणं वेळेवर आलं होतं. आज तिचं नसणं उशिरा आलं.'

घरी पोचल्यावर गुंजननं कंप्युटरची पिन लावली आणि तपासलं. घरासारखा डबा त्या दिवशी खरोखरच जरा उशिरा उठला होता. तिनं ते नीट केलं.